वसंतातलं कोवळं गवत आणि पोनीचे खूर: चरायला कधी सोडायचं, किती, आणि कशावरून ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा: बारा वर्षांची वेल्श पोनी, घोडी, वजन अंदाजे २०० किलो. हिवाळाभर सुक्या चाऱ्यावर होती आणि अंगाने चांगली भरलेली आहे. आयाळीखाली मानेवर चरबीचा घट्ट उंचवटा आलाय. गेल्या वसंतात दोन-तीन दिवस टणक जमिनीवर जपून पावलं टाकत होती, मग आपोआप ठीक झाली. आता कुरणात गवत जेमतेम बोटभर वर आलंय, रात्री दव गोठतं, दिवसा लख्ख ऊन पडतं. रोज सकाळी दोन तास सोडलं तर चालेल का? मुसकं घालावं का? आणि जोडीदार घोडी बाहेर चरत असताना हिला आत ठेवलं की ती कासावीस होते, त्याचं काय करायचं?

सरळ उत्तर आधी देतो. आत्ता सोडू नका. दोन तासही नकोत, आणि अशा हवेत सकाळी तर मुळीच नको. रक्तातलं इन्सुलिन तपासून होईपर्यंत तिला गवत नसलेल्या वाड्यात ठेवा आणि सुका चारा वजन करून द्या. हे कठोर वाटेल, पण तुमच्या वर्णनात लॅमिनायटिसच्या, म्हणजे खुराची भिंत आणि आतलं हाड यांचा जोड सैल पडण्याच्या दुखण्याच्या, धोक्याच्या चार खुणा एकत्र आल्या आहेत: जात, मानेवरची चरबी, मागच्या वर्षीचा त्रास आणि गोठलेल्या रात्रींनंतरचं ऊन. यातली शेवटची वगळली तर बाकी तिन्ही घोडीच्या अंगात आहेत, कुरणात नाहीत. वसंत आला की लोक गवताकडे बघतात, त्याची उंची मोजतात, चरण्याचे तास बांधून घेतात. धोका मात्र आधी घोडीत मोजायचा असतो, मग गवतात. पुढे जे लिहितोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

गेल्या वर्षीचे ते दोन-तीन दिवस हलके घेऊ नका. लॅमिनायटिस म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती पुढचे पाय लांब टाकून मागे रेललेली, जागची हलायला तयार नसलेली घोडी. ती झाली बरीच पुढची अवस्था. स्वीडनच्या निल्स ओबेल यांनी १९४८ मध्ये या आजारातल्या लंगडेपणाच्या चार पायऱ्या मांडल्या, त्या आजही वापरात आहेत. त्यातली पहिली पायरी अशी: जनावर उभ्या उभ्या आळीपाळीने पाय उचलतं, साध्या चालीत फारसं काही दिसत नाही, दुडकीत मात्र पावलं आखूड आणि ताठ पडतात. मऊ जमिनीवर एवढंही लक्षात येत नाही. तुमची घोडी टणक जमिनीवर जपून चालत होती म्हणजे बहुधा ती या पायरीवर होती. आपोआप बरी झाली हे तिचं नशीब. पण कारण तसंच राहिलं असेल तर पुढचा झटका हलकाच असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

याचा पुरावा अजून तिच्या खुरांत मिळू शकेल. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणजे पुढच्या बाजूला वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत यायला ९ ते १२ महिने लागतात. तेव्हा मागच्या वसंताची खूण खुराच्या खालच्या भागात शोधा. आडव्या कड्या बहुतेक खुरांवर असतात आणि त्या एकमेकींना समांतर असतील तर त्यात काही वावगं नाही. पुढे जवळजवळ असलेल्या आणि टाचेकडे जाताना फाकत गेलेल्या कड्या दिसल्या, तर तिथे लॅमिनायटिस होऊन गेलाय असं समजायला हरकत नाही. नालबंद खूर तासायला येईल तेव्हा त्याला तळाची पांढरी रेषा, म्हणजे खुराची भिंत आणि तळवा जिथे जुळतात ती, नीट बघायला सांगा. ती रुंद झाली असेल, तिच्यात लालसर डाग असतील, किंवा घोडीच्या खुरात वरचेवर पू होत असेल, तर उत्तर जवळजवळ मिळालंच. चांगला नालबंद या गोष्टी डॉक्टरच्या आधी ओळखतो. त्याचं म्हणणं लिहून ठेवत जा.

आता आत काय घडतं ते थोडं खोलात सांगतो, कारण ते कळलं की पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील. खुरातलं हाड खुराच्या भिंतीला शेकडो नाजूक पापुद्र्यांनी जोडलेलं असतं आणि घोडीचा सगळा भार या जोडावर तोललेला असतो. हा जोड सैल पडला की हाड भिंतीपासून सुटायला लागतं, फिरतं किंवा खाली बसतं. बराच काळ असं मानलं जायचं की गवतातलं फ्रुक्टन, म्हणजे गवत साठवतं ती एक प्रकारची साखर, मोठ्या आतड्यात आंबतं, तिथलं जिवाणूंचं गणित बिघडतं, विषारी द्रव्यं रक्तात जातात आणि त्यातून खूर बिघडतात. हा मार्ग खरा आहे. घोडा दाण्याच्या कोठारात शिरून पोट फुटेस्तोवर खातो तेव्हा असंच होतं, आणि प्रयोगात एकदम भरपूर फ्रुक्टन पाजूनही ते करून दाखवलं गेलंय. पण कुरणात चरताना तेवढं फ्रुक्टन एका दमात पोटात जाणं कठीण आहे.

२००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी पोनींच्या रक्तात सतत इन्सुलिन सोडलं आणि सोबत ग्लुकोज देऊन रक्तातली साखर नेहमीच्या पातळीवर धरून ठेवली. ७२ तासांच्या आत त्या पोनींना लॅमिनायटिस झाला. २०१० मध्ये स्टँडर्डब्रेड जातीच्या घोड्यांवर तसाच प्रयोग झाला, तिथे ४८ तास पुरले. साखर वाढलेली नव्हती, आतड्यात काही बिघडलेलं नव्हतं, फक्त इन्सुलिन वाढलेलं होतं. तेव्हापासून चरणाऱ्या पोनींच्या बाबतीत मुख्य आरोपी इन्सुलिन हाच धरला जातो. काही जनावरांचं शरीर थोड्याशा साखरेलाही भरमसाट इन्सुलिन सोडून उत्तर देतं. वेल्श, शेटलंड, डार्टमूर, एक्समूर, कॉनेमारा अशा काटक जातींत हे जास्त दिसतं, कारण निकृष्ट चाऱ्यावर तग धरणं हेच त्यांचं बळ होतं. गाढवांनाही हे लागू आहे. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो: अशी सगळीच जनावरं लठ्ठ नसतात. सडपातळ पोनीतही हा दोष असू शकतो. म्हणून नजरेच्या अंदाजावर थांबू नका, रक्त तपासा.

तपासणी कशी करायची? एकदा उपाशी असताना इन्सुलिन बघून ते ठीक आलं तर समाधान मानू नका. उपाशीपोटीचा आकडा चांगला असूनही खाल्ल्यावर इन्सुलिन उसळू शकतं. जास्त भरवशाची आहे ती तोंडावाटे साखर देऊन करायची चाचणी. त्यात मक्याचं सिरप दर किलो वजनाला ०.१५ किंवा ०.४५ मिलिलिटर या प्रमाणात तोंडात देतात आणि ६० ते ९० मिनिटांनी रक्त घेतात. कुठला आकडा धोक्याचा हे सिरपच्या मात्रेवर आणि प्रयोगशाळेच्या पद्धतीवर ठरतं, म्हणून एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या मर्यादेशी ताडून बघू नका. घोडी दुखण्यात असेल किंवा घाबरलेली असेल तर आकडा फुगून येतो, तेव्हा चाचणी शांत दिवशी करा. पुढे थोडं चरणं सुरू झालं की मी आणखी एक गोष्ट करून घेतो: कुरणात सोडल्यावर दोनेक तासांनी रक्त घ्यायचं. त्या कुरणाला, त्या हंगामात, त्या घोडीचं शरीर काय उत्तर देतं हे यातून थेट कळतं. गवताच्या पृथक्करणापेक्षा मला हा आकडा जास्त उपयोगी वाटतो.

घोडीबद्दल एवढं समजलं की मग गवताकडे वळायचं. गवत दिवसा उन्हात साखर तयार करतं आणि ती वापरून वाढतं. सकाळपासून साखर चढत जाते, दुपारनंतर सर्वांत जास्त असते, रात्री गवत ती वाढीसाठी खर्च करतं आणि पहाटेपासून सकाळच्या पहिल्या काही तासांत ती सर्वांत कमी असते. "सकाळी लवकर चारा आणि दहाच्या आत परत आणा" हा सल्ला यातूनच आला आहे, आणि उबदार रात्रींनंतर तो बरोबरही आहे. पण रात्रीचं तापमान साधारण ५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की थंड हवामानातल्या गवताची वाढ थांबल्यात जमा होते. वाढ नाही म्हणजे खर्च नाही. दिवसभराची साखर सकाळीही तशीच पानांत आणि देठात शिल्लक असते, वर पुन्हा ऊन पडलं की त्यात भर पडत जाते. गोठलेल्या रात्रींनंतरची स्वच्छ, उन्हाची सकाळ दिसायला सुंदर असते आणि तुमच्या घोडीसाठी ती वर्षातल्या सर्वांत वाईट वेळांपैकी एक आहे. तुम्ही विचारलेले दोन तास नेमके तेच आहेत.

"गवत तर अजून बोटभरच आहे" हा दिलासाही फसवा आहे. थंड प्रदेशातली बरीचशी गवतं साखरेचा साठा देठाच्या बुंध्याशी करतात, आणि खुरटं गवत खाणारी घोडी नेमका तोच भाग कुरतडते. पुन्हा पुन्हा चरलेलं कुरण दिसायला उघडंबोडकं असतं, पण तिथे फुटणारी प्रत्येक नवी पात कोवळी, गोड आणि जवळजवळ बिनतंतूची असते. पोनीचे ओठ आणि दात त्यासाठीच घडलेले आहेत. खत न घातलेलं, उपासमार झालेलं कुरण सुरक्षित असतं असंही धरून चालू नका. नायट्रोजन कमी पडला की गवताची वाढ मंदावते, साखर बनणं मात्र चालू राहतं, आणि परिणाम थंडीसारखाच होतो. ढगाळ दिवस आणि झाडांची सावली मात्र खरोखर मदत करतात, कारण ऊन कमी म्हणजे साखरच कमी तयार होते.

आता दोन तासांचा हिशेब बघू. मोकळं सोडलेली पोनी तीन-चार तासांत आपल्या वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास कोरडा चारा पोटात घालू शकते. आपल्याला थोडाच वेळ मिळतो हे तिला काही दिवसांत कळतं आणि ती मान वर न करता खायला शिकते. तुमच्या घोडीसाठी हे झाले २ किलो कोरडा चारा, म्हणजे साधारण १० किलो ओलं गवत. थंडीने साखर साठलेल्या गवतात कोरड्या वजनाच्या २५ टक्के, कधी त्याहूनही जास्त, साखर आणि फ्रुक्टन मिळून असतं. म्हणजे अर्धा किलो, तेही काही तासांत. याउलट १० टक्के साखर-स्टार्चचा ३ किलो कोरडा चारा तिला दिवसभर पुरतो आणि त्यातून एकूण ३०० ग्रॅम जातात, तेही चोवीस तासांत विखुरलेले. दोन तासांत चार तासांइतकं खाल्लं जाणार नाही हे खरं, पण निम्मं मानण्यात मोठी चूक होते. घड्याळावर बांधलेलं चरणं एवढ्यासाठीच मला कधी पुरेसं वाटत नाही.

मुसकं हा चांगला उपाय आहे, फक्त तो कशासाठी आहे हे लक्षात ठेवा. तळाला भोक असलेलं चरण्याचं मुसकं नीट बसवलं तर गवत खाण्याचं प्रमाण तीन-चतुर्थांशाहून जास्त घटल्याचं पोनींवरच्या अभ्यासांत दिसलंय. कुठल्याही वेळापत्रकापेक्षा हे भरवशाचं. पण दिवसातून दहा-बारा तासांपेक्षा जास्त मुसकं ठेवू नये, आणि ते काढल्यावर घोडीला उरलेला वेळ कुरणात मोकळं सोडलं तर सगळी मेहनत वाया जाते, कारण ती भरपाई करून घेते. मुसकं काढलं की घोडी वाड्यात, सुक्या चाऱ्यावर, असं जोडूनच ठरवा. पहिले दोन-तीन दिवस ती पाणी पिते का हे स्वतः उभं राहून बघा. नाकपुड्यांच्या वर आणि हनुवटीखाली घासल्याचे डाग रोज तपासा, आणि भोकातून आलेल्या गवताने पुढचे दात झिजतायत का हेही अधूनमधून पाहा. अगदी खुरट्या गवताची पात भोकातून वर येत नाही, मग घोडी चिडते आणि मुसकं काढून टाकायला शिकते. त्यामुळे तुमच्या आजच्या बोटभर गवतावर मुसक्याचाही फारसा उपयोग नाही. चार-पाच इंच उंचीच्या, सारख्या वाढलेल्या गवतात ते सर्वांत चांगलं चालतं.

वाड्यात ठेवायचं म्हणजे उपाशी ठेवायचं असा अर्थ कृपया घेऊ नका. जाड पोनीला, विशेषतः घोडीला, एकदम उपाशी ठेवलं तर अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत बिघडतं आणि जनावर दगावू शकतं. लॅमिनायटिसच्या भीतीपोटी केलेली ही चूक मूळ आजाराइतकीच घातक ठरते. वजन कमी करायचं असेल तर कोरड्या वजनाने रोज तिच्या अंगाच्या १.२५ ते १.५ टक्के चारा द्या, म्हणजे २०० किलोला अडीच ते तीन किलो. तो हाताने नाही, ताणकाट्याने मोजा. यापेक्षा खाली जायचं तर डॉक्टरच्या देखरेखीखालीच. चारा तीन-चार भागांत, बारीक भोकांच्या जाळीत द्या म्हणजे जबडा चालू राहतो आणि पोट रिकामं राहत नाही. वाडा वाळूचा असेल तर जाळीखाली रबरी चटई टाका, नाहीतर वाळू पोटात जाते.

चाऱ्याची तपासणी करून घेता आली तर पाण्यात विरघळणारी साखर आणि स्टार्च मिळून १० टक्क्यांच्या खाली हवेत. तपासणी शक्य नसेल तर चारा भरपूर थंड पाण्यात तासभर तरी भिजवा, पाणी निथळून टाका आणि मग द्या. साखर किती निघते हे प्रत्येक चाऱ्यात वेगळं असतं, त्यामुळे भिजवला म्हणजे निश्चिंत झालो असं नाही. हवा गरम झाली की रात्रभर भिजवणं टाळा, त्यात जिवाणू वाढतात. वाफवलेल्या चाऱ्याने धूळ आणि बुरशी कमी होते, साखर विशेष कमी होत नाही. भिजवताना खनिजंही निघून जातात, म्हणून जीवनसत्त्वं, खनिजं आणि थोडी प्रथिनं असलेला, मात्र साखर आणि धान्य नसलेला पूरक खुराक रोज थोडा द्या. दाणा, मळी घातलेला खुराक, ब्रेड, साखरेचे खडे बंद. तबेल्यात येणारे-जाणारे लाडाने काहीतरी तोंडात घालतात, त्यांनाही नम्रपणे पण ठामपणे सांगा.

वजनाचा विषय खरं तर हिवाळ्यात हाताळायचा असतो. निसर्गात पोनी वसंतात शिरते तेव्हा बरगड्या जाणवाव्यात इतकी उतरलेली असते आणि कोवळ्या गवताचा पहिला बहर त्या तुटीत जिरतो. आपण तिला जाड झुली घालतो, पोटभर चारतो, आणि ती हिवाळ्यातून आणखी भरलेली निघते. निरोगी, अंगावर पुरेसे केस असलेल्या पोनीला आडोसा आणि कोरडी जागा असेल तर बहुतेक वेळा झूल लागत नाही. अंगावरची चरबी बघून घोडा किती भरलाय ते ठरवणाऱ्या, १९८३ पासून वापरात असलेल्या हेनेके मोजणीत १ ते ९ असे गुण असतात. तुमच्या घोडीला मी ४ ते ५ वर आणू पाहीन. मानेच्या चरबीची वेगळी ० ते ५ अशी मोजणी आहे, तिच्यात ३ किंवा त्याहून जास्त म्हणजे इशारा. चरबीचा तो उंचवटा हाताने हलवून बघा: मऊ आणि डुलणारा असेल तर बरं, अचानक घट्ट आणि ताठ झाला तर त्या दिवशी गवत बंद. हे शास्त्राच्या काटेकोरपणाचं निरीक्षण नाही, पण बरेच अनुभवी पोनीवाले यावर चालतात आणि मीही चालतो. छातीच्या घेरावरून वजनाचा अंदाज देणारी पट्टी दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच वेळी लावा. पट्टीचा आकडा चुकेल, त्याची दिशा सहसा चुकत नाही. आठवड्याला अंगाच्या ०.५ ते १ टक्का, म्हणजे एक-दोन किलो उतरणं हा योग्य वेग आहे.

व्यायाम इन्सुलिनवर औषधासारखा काम करतो, पण खूर दुखत नसतील तेव्हाच. आधी लॅमिनायटिस होऊन गेलेल्या आणि आता खूर सावरलेल्या जनावराला आठवड्यातून निदान तीन वेळा, अर्ध्या तासाहून जास्त, मऊ जमिनीवर, स्वाराशिवाय दुडकी ते हलका कॅन्टर (दुडकीपेक्षा वेगाची चाल) हे मान्य प्रमाण आहे. वाड्यात नुसतं उभं राहणं म्हणजे व्यायाम नव्हे. खुरांची शंका असेल तेव्हा मात्र जबरदस्तीने एक पाऊलही चालवू नका.

रोजची एक सवय आजपासून लावून घ्या: खुराकडे जाणाऱ्या रक्ताची नाडी तपासणं. घोट्याच्या सांध्याच्या मागच्या बाजूला, आतून आणि बाहेरून, दोन बोटं हलकेच ठेवली की दोरीसारखी नस लागते. निरोगी घोडीत ठोका इतका मंद असतो की बऱ्याचदा सापडतच नाही, आणि सुरुवातीला तो न सापडणं हीच चांगली बातमी असते. रोज एकाच वेळी, चारही पायांवर, तिच्या शांत अवस्थेत तपासत राहा. तिचा नेहमीचा ठोका बोटांना ओळखीचा झाला की ज्या दिवशी तो उडी मारून वर येईल, त्या दिवशी ते लंगडण्याच्या आधी कळेल. खुरांची ऊब मात्र एकटीने फसवते, कारण ती दिवसात कितीही वेळा वरखाली होते. कित्येक तास गरम राहिलेले खूर आणि जोरात लागणारा ठोका एकत्र आले तर ते महत्त्वाचं. वळताना कचरणं, पाय उचलू न देणं, एरवीपेक्षा जास्त आडवं पडून राहणं, खडीवर थबकणं, यांकडेही लक्ष असू द्या.

असं काही दिसलं तर थांबून बघू नका, ही तातडीची वेळ असते. गवत लगेच बंद करा, घोडीला लांब चालवत नेऊ नका, जिथे आहे तिथून जवळच्या मऊ जागी ठेवा. लाकडाच्या भुशाचा जाड थर, भिंतीपासून दारापर्यंत, म्हणजे पाय कुठेही टेकला तरी तळव्याला आधार मिळतो. डॉक्टरला बोलवा आणि येईपर्यंत बर्फ घातलेल्या पाण्यात खूर आणि घोट्यापर्यंतचा पाय बुडवून ठेवा. थंडावा अधूनमधून नाही, अखंड टिकला पाहिजे, आणि किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. वेदनाशामक औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका आणि दोन प्रकारची तर कधीच एकत्र करू नका. एक्स-रे काढल्याशिवाय हाड कुठे आहे ते कळत नाही, आणि नालबंदाला तासायचं तेही एक्स-रे बघूनच. खरं तर ती बरी असतानाच एकदा पुढच्या दोन्ही खुरांचे एक्स-रे काढून ठेवलेत तर पुढे तुलनेला त्यांची किंमत फार असते.

औषधांबद्दल थोडक्यात. आहार आणि वजन नीट सांभाळूनही इन्सुलिन खाली येत नसेल तर एर्टुग्लिफ्लोझिनसारखी एसजीएलटी-२ गटातली, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी, औषधं आज वापरली जातात. ती इन्सुलिन चांगलं उतरवतात, पण रक्तातली चरबी वाढवू शकतात, म्हणून वरचेवर रक्त तपासावं लागतं. कुरण मोकळं सोडण्यासाठी औषध, असा सौदा करू नका. बारा वर्षांच्या घोडीत पिट्युटरी ग्रंथीचा आजार, म्हणजे कुशिंग, होण्याची शक्यता कमी असते. तो पंधराच्या पुढे जास्त दिसतो. तरीही हिवाळी केस गळायला उशीर होत असेल किंवा स्नायू उतरत असतील तर रक्तातलं एसीटीएच (पिट्युटरीतून येणारं संप्रेरक) तपासून घ्या, कारण हा आजार असेल तर त्यावरच्या पर्गोलाइड या औषधाशिवाय बाकीचे उपाय अपुरे पडतात. आणि सांधेदुखी किंवा ॲलर्जीसाठी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर मानेवरच्या चरबीचा आणि मागच्या वर्षीचा इतिहास आधी सांगा.

चरणं सुरू करायचं कधी? तपासणीत इन्सुलिन आवाक्यात असेल, खुरात ताजी खूण नसेल, रात्री काही दिवस सलग ५ अंशांच्या वर राहिल्या असतील आणि गवत चार-पाच इंच झालं असेल, तर मुसकं घालून, सूर्योदयाच्या सुमारास, अर्ध्या तासापासून सुरुवात करा. आधी सुका चारा खाऊ घाला, भुकेल्या पोटी सोडू नका. दर तीन-चार दिवसांनी थोडा वेळ वाढवा. हलतं विजेचं कुंपण लावून रोज एकेक पट्टा उघडणं हे पूर्ण कुरण सोडण्यापेक्षा कितीतरी चांगलं, फक्त मागचा भागही बंद करत जा, नाहीतर ती कोवळ्या फुटव्याकडे परत जाते. रात्री पुन्हा गोठायला लागल्या की दोन दिवस मुकाट्याने वाडा. इन्सुलिन खूप वर आलं तर हा वसंत गवताशिवाय काढा, त्यात घोडीचं काहीही अडत नाही. सुका चारा, हालचाल आणि सोबत मिळाली तर पोनी गवताशिवाय उत्तम जगते.

सोबतीचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण मी तो खालच्या क्रमांकाचा मानत नाही. कासावीस झालेली घोडी कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारत राहते, आणि खुरांची शंका असेल तर नेमकं तेच नको असतं. शिवाय घरच्यांचं मन विरघळतं आणि चौथ्या दिवशी कुणीतरी फाटक उघडतं. म्हणून वाडा कुरणाला लागूनच करा, मध्ये कुंपण असं की नाकाला नाक लागेल, एकमेकींची मान खाजवता येईल, पण कुंपणाखालून गवत तोंडात येणार नाही. दोन्ही बाजूंनी हातभर पट्टा खरवडून ठेवा. जोडीदार घोडीलाही दिवसाचा काही वेळ वाड्यात आणून दोघींना एकत्र चारा द्या, जाळ्या मात्र दोघींपेक्षा एक जास्त टांगा म्हणजे हिला हुसकावलं तरी दुसरी सापडेल. आणि जोडीदारही पोनी असेल, आणि तिच्याही मानेवर उंचवटा असेल, तर रक्त तपासायला डॉक्टर येतील त्याच दिवशी तिचंही रक्त घ्यायला सांगा.